बिट नंबर बासष्ट

अण्णा शिडीवर चढले की इकडे पुण्यात माझ्या छातीत धडधडायचं. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षांचं एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथल्या प्रत्येक खोलीच्या दारावर आम्ही बनवलेलं तापमान नोंदवणारं यंत्र बसवलं होतं. उंची जमिनीपासून नऊ फूट. त्याच्या खाली काहीही लावलं तरी क्रेटांनी भरलेल्या ट्रॉल्या महिन्याभरात ते फोडणार, हे तिथल्या लोकांनी आधीच सांगितलं होतं. यंत्रावर छोटा डिस्प्ले होता आणि त्यावर त्याचा आयपी पत्ता दिसायचा. राउटर बंद-चालू झाला की पत्ते बदलायचे. मग तिथले इलेक्ट्रिशियन अण्णा शिडी लावायचे, मान वर करून एकेक पत्ता वाचायचे आणि मला फोनवर सांगायचे, "ताई, लिहा. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सदतीस." हंगाम ऐन भरात, फरशी ओली, खोलीतून शून्य अंशाची हवा बाहेर येतेय, आणि साठीला आलेला माणूस शिडीवर.

यंत्रांना कायमचे पत्ते का दिले नाहीत, असं कुणीही विचारेल. नंतर तेही दिले होते. एके दिवशी इंटरनेटवाल्याने राउटरच बदलला, नव्या राउटरची पत्त्यांची मालिका वेगळी निघाली आणि आमची सगळी यंत्रं एका झटक्यात बेपत्ता झाली. त्या दिवशी अण्णा सात वेळा शिडी चढले. सातव्या खोलीचा आकडा सांगताना त्यांना धाप लागलेली मी फोनवर ऐकली, आणि फोन ठेवताना ठरवलं की हे बंद करायचं.

उपाय माहीत होता. यंत्राला नाव द्यायचं, आणि कुणी त्या नावाने हाक मारली की त्याने स्वतःच आपला पत्ता सांगायचा. 'खोली-३ डॉट लोकल' असं ब्राउझरमध्ये लिहिलं की पान उघडायला हवं. याला एमडीएनएस म्हणतात, २०१३ सालापासून त्याचं ठरलेलं मानक आहे, आणि घरातला प्रिंटर लॅपटॉपला आपोआप सापडतो तो बहुतेक वेळा याच रस्त्याने. हाक जाते २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, पोर्ट ५३५३. हा पत्ता कुठल्याच एका यंत्राचा नसतो. तो एका गटाचा असतो, आणि गटासाठी मारलेली हाक म्हणजे मल्टिकास्ट. आमच्या यंत्रातल्या इथरनेट ड्रायव्हरला, म्हणजे नेटवर्कची चिप चालवणाऱ्या प्रोग्रामला, मल्टिकास्ट येत नव्हतं, कारण मी ते लिहिलंच नव्हतं. तोवर गरज पडली नव्हती.

गावात दवंडी पिटली की ती सगळ्यांसाठी असते, ते ब्रॉडकास्ट. एकाच्या दाराची कडी वाजवणं म्हणजे युनिकास्ट. आणि चौकात उभं राहून "भजनी मंडळातल्यांनी देवळात या" असं कुणी ओरडलं, तर आवाज प्रत्येक घरात जातो, पण उठतात फक्त मंडळातले. मल्टिकास्ट हे असं चालतं. साध्या स्विचवर ती हाक प्रत्येक तारेवरून प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचतेच. ऐकायचं की सोडून द्यायचं, हे ज्याच्या त्याच्या दारात ठरतं, आणि ते दार म्हणजे इथरनेटची चिप. तिला नेमकं काय आत घ्यायचं ते सांगणं हे ड्रायव्हरचं काम.

इथरनेटचा पत्ता ४८ बिटांचा. त्यातल्या पहिल्या बाइटचा सगळ्यात खालचा बिट सांगतो की हा पत्ता एकाचा आहे की गटाचा. इथरनेट प्रत्येक बाइट खालच्या बिटापासून पाठवतं, त्यामुळे पत्त्यातला तोच बिट तारेवर सर्वात आधी येतो. म्हणजे पॅकेट, तारेवरून येणारा माहितीचा पुडका, कुणाला आहे हे कळण्याच्या आधी, पहिल्याच बिटाला, ते एकाला आहे की अनेकांना एवढं चिपला कळलेलं असतं. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. हार्डवेअरचं ओझं कसं हलकं करायचं याची जाण त्या एका बिटात आहे.

आयपीच्या गटपत्त्याचा इथरनेटचा पत्ता कसा करायचा, हे १९८९ च्या ऑगस्टमध्ये स्टीव्ह डीअरिंग यांनी आरएफसी १११२ या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहून ठेवलं. पहिले तीन बाइट ठरलेले, ०१:००:५ई. पुढे एक शून्य बिट, आणि मग आयपी पत्त्यातले खालचे २३ बिट. गटपत्त्यात वेगळे असू शकणारे बिट २८ असतात, म्हणजे पाच बिट गळतात आणि ३२ वेगवेगळ्या आयपी गटांचा इथरनेट पत्ता एकच होतो. उदाहरणार्थ २३९.१.१.१ आणि २२४.१२९.१.१. हे पाच बिट का गळले याची एक गोष्ट या क्षेत्रात सांगितली जाते. डीअरिंग यांना पत्त्यांचे १६ सलग गट्ठे हवे होते, एका गट्ठ्याची किंमत तेव्हा १००० डॉलर होती, आणि इंटरनेटचे क्रमांक वाटण्याचं काम बघणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी एकच विकत घेऊन त्यातला अर्धा या कामाला दिला. आयपी आवृत्ती ६ चे गटपत्ते ३३:३३ ने सुरू होतात, तो आकडा झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्राच्या घरक्रमांकावरून आला, ३३३३ कायोटी हिल रोड. इथरनेटचा जन्म त्याच केंद्रातला. आपण ज्याला निव्वळ आकडे म्हणतो त्यांच्यामागे असं कुणाचं बजेट असतं, कुणाचा घराचा पत्ता असतो. मला हे वाचलं की त्या आकड्यांशी ओळख झाल्यासारखी वाटते, आणि मग ते टाइप करताना चुकत नाहीत.

आमच्या यंत्रात चिप होती ईएनसी२८जे६०. २८ पिनांची, १० मेगाबिटची, मायक्रोकंट्रोलरशी, म्हणजे यंत्राच्या छोट्या प्रोसेसरशी, एसपीआय या काही तारांच्या जोडणीवरून बोलणारी. पोटात ८ केबीचा बफर, येणाऱ्या आणि जाणाऱ्या पॅकेटांना मिळून तेवढाच. त्यातले साडेसहा केबी मी येणाऱ्यांना दिले होते. काय आत घ्यायचं हे एका रजिस्टरमधल्या, म्हणजे चिपच्या आतल्या छोट्या कप्प्यातल्या, आठ बिटांनी ठरतं. चिप सुरू होते तेव्हा त्यात हेक्समधला ए१ असतो, म्हणजे स्वतःच्या नावाचं, ब्रॉडकास्टचं, आणि ज्याची सीआरसी, म्हणजे पॅकेट शाबूत आहे का हे तपासायचा आकडा, बरोबर आहे असंच पॅकेट घे. त्यात एमसीईएन नावाचा एक बिट आहे. तो लावला की सगळं मल्टिकास्ट आत येतं. ए१ च्या जागी ए३. एवढंच. लिनक्स कर्नलमध्ये या चिपचा जो ड्रायव्हर आहे, तोही गट हवा म्हटलं की हाच बिट लावतो.

मी ए३ लिहिलं, ड्रायव्हरच्या वर जो एलडब्ल्यूआयपी नावाचा नेटवर्कचा प्रोग्राम, म्हणजे स्टॅक, असतो त्यात गटात शिरण्या-सोडण्याचं आयजीएमपी चालू केलं, आणि माझ्या टेबलावर 'खोली-३' पहिल्या हाकेला ओ देऊ लागली. संध्याकाळी सहाला सुरू केलेलं काम साडेसातला संपलं होतं. दुसऱ्या दिवशी सातही यंत्रांना नवा प्रोग्राम पाठवला.

दुपारी अण्णांचा फोन. "ताई, आकडे थांबलेत सगळ्या खोल्यांचे."

कोल्ड स्टोरेजवाल्यांनी त्याच नेटवर्कवर कॅमेरे बसवले होते आणि ते आपलं चित्र मल्टिकास्टने पाठवत होते. स्विच साधा, त्यामुळे ते चित्र प्रत्येक तारेवर. आधी आमची चिप ते दारातच सोडून द्यायची. आता मी तिला सांगितलं होतं, सगळं घे. कॅमेऱ्याचं पॅकेट दीड हजार बाइटच्या आसपास असतं. चार पॅकेटं आली की साडेसहा केबी भरले. मायक्रोकंट्रोलर एसपीआयवरून पहिलं पॅकेट उपसून, ते आपलं नाही हे पाहून फेकेपर्यंत पुढची चार दारात उभी. बफर भरून वाहतोय असं चिप सतत ओरडत होती, आणि त्या गर्दीत ज्या पॅकेटांची खरी गरज होती तीही हरवत होती. शून्यावर ठेवलेल्या मालाचं तापमान कुणी नोंदवत नव्हतं. मी जुना प्रोग्राम परत पाठवला तेव्हा चाळीस मिनिटं गेली होती, आणि ती चाळीस मिनिटं त्या दिवसाच्या आलेखात अजून कोरी आहेत.

छोट्या यंत्राला सगळं ऐकायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे. ज्याच्या मागे मोठा प्रोसेसर आहे त्याला ते झेपतं. २० केबी रॅमवर उभ्या असलेल्याला नाही. त्याच्यासाठी चिप बनवणाऱ्याने दुसरी सोय करून ठेवली होती आणि मी ती वाचून पुढे गेले होते. हॅश टेबल.

सोय अशी. चिपमध्ये आठ रजिस्टरं आहेत, ईएचटी० ते ईएचटी७. मिळून ६४ बिट. पॅकेट येऊ लागलं की चिप त्याची सीआरसी काढतच असते, कारण शेवटी पॅकेट शाबूत आलं का हे तिला तपासायचं असतं. पत्त्याचे सहा बाइट आत गेल्यावर त्या सीआरसीच्या रजिस्टरमध्ये जे काही असेल त्यातले सहा बिट ती उचलते. सहा बिट म्हणजे ० ते ६३ मधला एक आकडा. टेबलातला त्या आकड्याचा बिट लावलेला असेल तर पॅकेट आत, नाहीतर बाहेर. वेगळं सर्किट नाही, वेगळा वेळ नाही. जे गणित चालूच आहे त्याला मध्येच एकदा डोकावून विचारायचं. मला ही युक्ती इतकी आवडली की त्या रात्री जेवायला उठायचं लक्षात राहिलं नाही.

ड्रायव्हरने करायचं ते एवढंच, की वरून स्टॅकने "हा गट हवा" म्हटलं की त्या पत्त्याची तीच सीआरसी आपणही काढायची आणि बरोबर तोच बिट लावायचा. इथरनेटचं बहुपद ०४सी११डीबी७, सुरुवात सगळे बिट एक धरून, प्रत्येक बाइट खालच्या बिटापासून. मी ते लिहिलं, सीआरसीचे वरचे सहा बिट घेतले, कारण ज्या चिपांवर आधी काम केलं होतं त्यांत वरचेच सहा घेतात. एमडीएनएसच्या गटाचा इथरनेट पत्ता ०१:००:५ई:००:००:एफबी, त्यासाठी उत्तर आलं १५. पंधरावा बिट लावला, एमसीईएन काढला, हॅश टेबल चालू करणारा एचटीईएन लावला, रजिस्टर ए५. हाक मारली.

यंत्र गप्प.

आठही रजिस्टरांत एफएफ भरलं, म्हणजे ६४ च्या ६४ बिट लावले. लगेच ओ आली. म्हणजे फिल्टर चालतोय, माझा आकडा चुकतोय. मग निम्मे-निम्मे करत गेले. खालचे ३२ बंद केले, ओ आली. उरलेल्यातले खालचे १६ बंद, ओ आली. मग ८, मग ४, मग २. पाचही वेळा उत्तर वरच्या अर्ध्यातून. शेवटी ६२ आणि ६३ राहिले. खालचा, म्हणजे ६२, बंद केला आणि शांतता. फक्त ६२ लावला, आणि ओ.

डेटाशीट पुन्हा उघडली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, सीआरसीचे बिट २८ ते २३. वरचे सहा नाहीत, वरून तीन सोडून पुढचे सहा. माझ्या कोडमध्ये २६ ने सरकवलं होतं तिथे २३ केलं आणि सहा बिटांचा मास्क लावला. उत्तर ६२. २२४.०.०.१, म्हणजे मल्टिकास्ट येणाऱ्या प्रत्येक आयपी यंत्राने ऐकायचाच असा जो गट, त्याचं उत्तर ६३. दोघंही शेवटच्या रजिस्टरमध्ये, शेजारी शेजारी. ईएचटी७ मध्ये सी०, बाकी सातही रजिस्टरं शून्य. लॉजिक अ‍ॅनालायझरवर तो बाइट एसपीआयच्या तारेवरून जाताना मी पाहिला, दोन उंच, सहा सपाट. किती वेळ पाहत बसले होते कोण जाणे.

पिंपळगावला स्वतः गेले. कॅमेरे चालू, यंत्रं चालू, आकडे येतायत. अण्णांनी लॅपटॉपवर 'खोली-५' असं एका बोटाने टाइप केलं आणि पान उघडल्यावर माझ्याकडे न बघता दाराच्या वर बघितलं, जिथे ते यंत्र होतं.

तीन दिवस सगळं नीट होतं. चौथ्या सकाळी फोन आला, नावं उघडत नाहीत. आकडे मात्र येत होते. अण्णांनी एक यंत्र बंद-चालू केलं, ते नावाने उघडायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

आम्ही दोघांनीही ओलाव्यावर बोट ठेवलं. कोल्ड स्टोरेजमध्ये ते पहिलंच सुचतं, दार उघडलं की कनेक्टरवर दव धरतं. अण्णांनी शिडी लावून सातही कनेक्टर पुसले, वाळवले, पुन्हा खोचले. ते करताना वीज बंद-चालू व्हायचीच, त्यामुळे पुसल्यावर नावं उघडायचीच. आमचा समज पक्का होत गेला. शिडी बंद करायला निघालेली मी, माझ्याच प्रोग्राममुळे ते पुन्हा रोज शिडी चढत होते. तो आठवडा मला अजून टोचतो.

सुटलं ते घड्याळामुळे. मी एक लॅपटॉप तिथे रात्रभर चालू ठेवायला सांगितला, दर मिनिटाला सातही नावांना हाक मारणारा. सकाळी नोंद वाचली. सातही खोल्या २ वाजून १० मिनिटांनी गप्प झाल्या होत्या. सगळ्या एकाच मिनिटाला. दव असं घड्याळ लावून धरत नाही.

मल्टिकास्ट जमतंय म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी मी एक नवं काम जोडलं होतं, जे यंत्रं रात्री दोन वाजता करायची. ऑफिसातल्या संगणकाकडून खोल्यांच्या मर्यादा, म्हणजे कुठल्या तापमानाला घंटा वाजवायची ते, ऐकण्यासाठी दहा मिनिटं एका गटात शिरायची आणि मग गट सोडायची. तो गट मीच निवडलेला, २३९.०.०.६४. लक्षात राहायला सोपा. त्याची सीआरसी काढली. बिट २८ ते २३. उत्तर ६२.

६४ घरं आहेत, गट कितीही असू शकतात, तेव्हा दोघं एका घरात येणार हे उघड आहे. आमच्या गावात चौकात "अहो पाटील" म्हणून हाक मारली तर चार जण वळून बघतात, तसं. पॅकेट आत येण्यापुरतं याने काही बिघडत नाही, वरचा आयपीचा थर पूर्ण पत्ता बघून नको ते टाकून देतो. बिघडतं ते सोडताना. दोन वाजून दहा मिनिटांनी स्टॅक ड्रायव्हरला म्हणाला, २३९.०.०.६४ नको. ड्रायव्हरने आज्ञाधारकपणे ६२ वा बिट पुसला. त्याच बिटावर एमडीएनएस उभं होतं, ते बहिरं झालं. बंद-चालू केलं की ते पुन्हा आपला बिट लावायचं, रात्रीपर्यंत.

स्टॅक स्वतः मोजदाद ठेवतो, एकाच गटात प्रोग्रामचे दोन भाग शिरले असतील तर दुसरा सोडेपर्यंत तो ड्रायव्हरला काही सांगत नाही. पण ती मोजदाद गटांची. कुठल्या घरात कोण कोण राहतं हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही, ती माहिती फक्त ड्रायव्हरकडे असते. तेव्हा प्रत्येक घराच्या दारावर किती जण आत आहेत हे लिहून ठेवणं हे ड्रायव्हरचंच काम. मी ६४ बाइटची एक रांग केली, प्रत्येक बिटासाठी एक मोजणी. गट आला की एक वाढवायचा, शून्यावरून एक झाला तरच बिट लावायचा. गट गेला की एक कमी करायचा, एकावरून शून्य झाला तरच बिट पुसायचा. दुसरा रस्ता म्हणजे हव्या असलेल्या गटांची यादी ठेवून दर बदलाला सगळं टेबल नव्याने भरायचं. तोही चांगला, पण मला मोजणीचा आवडला. ६४ बाइट रॅम मी दुसरीकडून काटकसर करून काढली. ज्या ३२ आयपी गटांचा इथरनेट पत्ता एकच होतो, त्यांचाही प्रश्न याच मोजणीत आपोआप सुटला.

सगळा बदल अकरा ओळींचा. पाठवला त्या रात्री मी झोपले नाही, दोन वाजता लॅपटॉप उघडून बसले. यंत्राच्या आतल्या मोजण्या बघायला मी एक पान करून घेतलं होतं, दर दोन सेकंदांनी ताजं होणारं. २:००:०४ ला बासष्टच्या पुढे १ चा २ झाला. दहा मिनिटं तो २ तसाच होता. बाहेर कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. २:१०:०६ ला २ चा १ झाला. मी ब्राउझरच्या दुसऱ्या खिडकीत 'खोली-१ डॉट लोकल' लिहून एंटर दाबलं. ०.४ अंश. मग खोली-२. ०.६. मग तीन, चार, पाच, सहा, सात.

पुढच्या हंगामात तिकडे जाणं झालं तेव्हा बोळातली शिडी जागेवर नव्हती. अण्णांना विचारलं. म्हणाले, "ग्रेडिंगच्या शेडमध्ये आहे ताई, ट्यूब बदलायला नेली पोरांनी. हवीय का?"

"नको," म्हटलं.